ताकातली गोळी

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. यजमान बेचाळीस वर्षांचे, टॉवेलचे चार माग आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांना शौचावाटे रक्त जायला लागलं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत मुलांचा हात सोडून संडास शोधत पळायची वेळ आली. मूळव्याध समजून मलम लावण्यात तीन महिने गेले. मग दुर्बिणीची तपासणी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होण्याचा आजार, हे नाव कळलं. मेसालामिनच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत रक्त थांबलं, वजन भरलं. त्यानंतर रक्ताची एकही तपासणी झालेली नाही. परवा ताईंना कपाटात चादरींच्या घड्यांमागे न फोडलेल्या सहा स्ट्रिपा सापडल्या. यजमानांनी दीड महिन्यापूर्वीच गोळ्या बंद केल्या होत्या. “किडनी जाते, कागदावरच लिहिलंय,” हे त्यांचं उत्तर. थोरले भाऊ मधुमेह आणि बीपीमुळे डायलिसिसवर आहेत. शिवाय संडास धुतल्यावर एकदा तांबडी लघवी दिसली, एकदा गोळी अख्खीच बाहेर पडलेली दिसली, डोकंही दुखायचं. पाठीसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी मात्र चालू आहे. ताईंनी दोनदा मेसालामिन कुटून ताकातून दिली. सासूबाई म्हणतात, शेंगाच्या चटणीत घाल, कळणारही नाही. ताई विचारतात, “असं दिलं तर चालेल ना? आणि या हट्टी माणसाला समजावू कसं?”

ताई,

आधी तातडीचं सांगते. गोळी कुटून देणं आजपासून बंद. ताकातूनही नको, चटणीतूनही नको. दोनदा दिलीत म्हणून आभाळ कोसळलेलं नाही, जिवाला लावून घेऊ नका. पण ‘चालत नाही’ एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण का चालत नाही हे कळलं की यजमानांच्या निम्म्या शंकाही आपोआप सुटतील.

या औषधाची गोष्ट स्वीडनमध्ये सुरू होते. १९४० च्या आसपास डॉ. नन्ना स्वार्ट्झ यांनी सांधेवातासाठी सल्फासालाझिन पुढे आणलं. त्यात जंतूंवरचं सल्फा आणि ॲस्पिरिनच्या जातीचं सॅलिसिलेट अशी दोन औषधं एकमेकांना जखडलेली होती. कोलायटिसच्या रुग्णांनाही त्याने आराम पडला, पण डोकेदुखी, मळमळ, पुरळ असा जाच पुष्कळांना व्हायचा. १९७७ साली बांगलादेशातून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. आझाद खान आणि त्यांचे सहकारी यांनी हे दोन घटक सुटे करून वेगवेगळ्या रुग्णांना एनिमातून, म्हणजे गुदद्वारावाटे, दिले, तेव्हा उलगडा झाला. आतड्याची सूज उतरवत होतं ते सॅलिसिलेट. सल्फा नुसता हमाल होता, ओझं मोठ्या आतड्यापर्यंत पोचवणारा, आणि बराचसा त्रास त्या हमालाचाच होता.

मग हमालाला रजा दिली आणि सॅलिसिलेटचा तेवढा भाग ठेवला. तेच तुमचं मेसालामिन. पण ते उघडं गिळलं तर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच रक्तात शोषलं जातं, खाली जखमेपर्यंत फारसं पोचत नाही. म्हणून गोळीला कवच आलं. बहुतेक गोळ्यांचं कवच जठरातल्या आम्लाला दाद देत नाही, लहान आतड्याच्या शेवटाला जाऊन विरघळतं.

तुमच्या खलबत्त्यात फुटलं ते हे कवच. औषध जायचं होतं मोठ्या आतड्यात, ते वरच्या वर रक्तात गेलं आणि तिथून लघवीवाटे बाहेर पडायला किडनीत. ज्या किडनीच्या धाकाने यजमानांनी गोळ्या लपवल्या, तिच्याचकडे आपण जास्तीचं औषध पाठवलं. चटणीची बरणी तर अख्ख्या घराची. त्यातलं मुलं खाणार, सासूबाई खाणार, आणि त्यांच्यातल्या कुणाला ॲस्पिरिनच्या जातीच्या औषधांची ॲलर्जी आहे की नाही, आपल्याला ठाऊक नाही. आणखी एक. असं लपवून दिलेलं कधी ना कधी कळतंच. त्यानंतर हा माणूस तुमच्या हातचं ताकही तोंडाला लावायच्या आधी हुंगून बघेल.

आता ती अख्खी पडलेली गोळी. शेंग फोडून दाणे खाल्ले तरी टरफल उरतंच. तसं कधी कधी आतलं औषध उतरून गेल्यावर कवच तसंच बाहेर येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं गोळी फुकट गेली. एखाद-दुसऱ्या वेळी दिसलं तर घाबरायचं काम नाही. वरचेवर दिसायला लागलं तर डॉक्टरांना जरूर सांगा. वेगळ्या बनावटीच्या गोळ्या मिळतात, पुडीतून येणारे दाणेही मिळतात. तेही चावायचे नसतात.

तांबड्या लघवीबद्दल मला तुम्हालाच एक विचारायचं आहे. संडास कशाने धुता? तुमच्याच पत्रात “धुतल्यावर दिसलं” असं आहे, आणि तिथेच माझं बोट थांबलं. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात पाणी आलं की घासाघाशी होते, तीही बहुधा ब्लिचिंग पावडर टाकून. मेसालामिन लघवीतून बाहेर पडतं आणि ब्लिच लागलं की तिथे तांबूस-तपकिरी रंग धरतं. रक्ताशी त्याचा संबंध नसतो. खात्री करायची असेल तर गोळी परत सुरू झाल्यावर लघवी काचेच्या स्वच्छ ग्लासात धरून बघायला सांगा. ग्लासात पिवळी आणि भांड्यात तांबडी, तर दोष ब्लिचचा. ग्लासातच लाल दिसली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पांढरंशुभ्र भांडं, त्यात तो डाग आणि डोळ्यांपुढे डायलिसिसला बसलेला भाऊ. तुमच्या यजमानांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते.

डोकेदुखी या गोळीने होऊ शकते. पण ती मागाच्या खडखडाटाने होते, उन्हाने होते आणि अंगात रक्त कमी असल्यानेही होते. त्यांचं महिनोन्‌महिने रक्त गेलं होतं. हिमोग्लोबिन किती आहे, कुणी पाहिलं का?

आता किडनी. कागदावर लिहिलेलं खोटं नाही, आणि “काही होत नाही हो” असं म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. काही थोड्या रुग्णांत, शंभरात एकाहूनही कमी जणांत, मेसालामिनमुळे किडनीच्या आतल्या पेशीजाळ्याला सूज येते. वाईट असं की ती मुकाट्याने येते. दुखत नाही, लघवी बरेच दिवस नेहमीसारखीच होते, माणूस मागावर उभा असतो. म्हणजे “मला काही होत नाहीये” हाही पुरावा नव्हे आणि “मला काहीतरी होतंय” हाही नव्हे. पुरावा एकच, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा; तो वाढला की किडनी मागे पडतेय. ते गोळी सुरू करण्याआधी बघायचं, मग साधारण तीन महिन्यांनी, पुढे निदान वर्षातून एकदा. आधीपासून काही त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तसं लवकर. सोबत लघवीची साधी तपासणी. सूज वेळेत सापडली आणि औषध थांबवलं तर किडनी बहुतेकदा सावरते. उशिरा सापडली तर कायमचं नुकसान राहू शकतं. तुमच्या घरी सहा स्ट्रिपा लपवल्या गेल्या, ताकात गोळी कुटली गेली, दीड महिना गोळ्या बंद राहिल्या, आणि ती एक तपासणी तेवढी कुणी केली नाही. यात यजमानांचा दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नसणार.

त्यातून ती पाठदुखीची गोळी. तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असेल, किंवा त्यांपैकी एकाची पॅरासिटामॉलबरोबर जोडगोळी असेल, तर किडनीचा विचार आधी तिच्याबाबत करायला हवा. या जातीच्या वेदनाशामकांनी किडनीवर ताण येतो, मेसालामिनसोबत तो वाढतो, आणि कोलायटिस उलटायलाही ती निमित्त होऊ शकतात. पाठ दुखते हे खरंच आहे, दिवसभर मागापुढे उभं राहून दुखणारच. नुसती पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेत, त्यामानाने बरी. पण तीही डॉक्टरांना विचारून.

इथे माझी एक चूक सांगते. मी तीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी राहिले. एक गृहस्थ दर महिन्याला मेसालामिन न्यायचे. एकदा जाता जाता म्हणाले, “गुडघ्यासाठी काहीतरी द्या हो.” मी पाठीमागच्या खणातून डायक्लोफिनॅकची स्ट्रिप काढून त्याच पिशवीत टाकली. दोन्ही औषधं माझ्याच हातात होती. तीन आठवड्यांनी त्यांना पुन्हा रक्त पडायला लागलं. त्या गोळीनेच पडलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण तेव्हापासून मेसालामिनची चिठ्ठी समोर आली की “दुसरं काय घेता?” हे विचारल्याशिवाय मी पिशवी दिली नाही. तुमच्या मेडिकलवाल्याने विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

पाण्याचंही याच ओघात लिहून टाकते. मेसालामिनचे मुतखडे क्वचित होतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना पत्र्याच्या शेडमध्ये माणूस घामाने निथळतो. मागाशेजारी भरलेली बाटली हवी आणि संध्याकाळी ती रिकामी झालेली हवी.

तो माहितीचा कागद मीही कित्येकदा उलगडलाय, चादरीएवढा निघतो. त्यात डोकेदुखी नि हृदयाची सूज एकाच टाइपात, एकाखाली एक असतात. पण बऱ्याच कागदांत त्यांच्या वर बारीक शब्दांत प्रमाण दिलेलं असतं. ठरलेला संकेत असा: ‘सर्वसाधारण’ म्हणजे शंभरात एक ते दहा जण, ‘क्वचित’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा, ‘अतिशय क्वचित’ म्हणजे दहा हजारांत एकापेक्षाही कमी. यजमानांनी अवयवांची नावं वाचली, हा शब्द सोडून दिला. घरात तेलुगू, बाजारात मराठी-हिंदी आणि कागद इंग्रजीत, तर दुसरं काय होणार?

आता तुमच्या दोघांच्याही बोलण्यात धरून चाललेली एक गोष्ट मला तपासायची आहे. गोळी घेतली तर धोका, नाही घेतली तर काही नाही, असा तो हिशेब आहे. पण ‘नाही घेतली’ या बाजूलाही एक आजार बसलेला आहे. रक्त थांबणं आणि आतड्याची सूज जाणं यात अंतर असतं. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजार शांत असलेल्या ९९ रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. गोळ्या नियमित घेणाऱ्यांत आजार शांतच राहण्याची शक्यता ८९ टक्के निघाली, न घेणाऱ्यांत ३९ टक्के. आजार उलटला की बहुतेकदा स्टेरॉइडची पाळी येते. त्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. ज्या घरात सख्ख्या भावाला मधुमेह आहे त्या घराने हा हिशेब नीट मांडावा. मोठ्या आतड्यात वर्षानुवर्षं सूज राहिली तर कर्करोगाचा धोकाही वाढतो, म्हणून आजार सुरू झाल्यापासून आठेक वर्षांनी ठरावीक काळाने दुर्बीण घालून बघतात.

आणि मेसालामिन हे स्टेरॉइड नाही, प्रतिकारशक्ती दाबणारं औषधही नाही. या आजाराच्या औषधांत हे त्यातल्या त्यात सौम्य. ते सोडलं तर पुढची पायरी जास्त कडक असते.

‘हट्टी’ हा शब्द तुमच्या पत्रात चार वेळा आलाय. मला या माणसात हट्ट दिसत नाही, भाऊ दिसतो. आठवड्यातून दोनदा ते भावाला डायलिसिसला नेतात असं तुम्हीच लिहिलंय. तासन्‌तास त्या खोलीबाहेर बसून, नळ्यांतून फिरणारं रक्त बघून आलेल्या माणसाने घरी येऊन कागदावर ‘किडनी’ हा शब्द वाचला. तो गोळ्या फेकूनही देऊ शकला असता. त्याने त्या चादरींमागे ठेवल्या, जपून. माझ्या मते त्यांचंही पुरतं ठरलेलं नाही.

तेव्हा बोलताना “गोळी घ्या” इथून सुरुवात करू नका. सासूबाई आणि मुलं समोर नसताना, माग बंद झाल्यावर, “तुम्हाला भाऊंसारखं होईल असं वाटतं का?” एवढंच विचारा, तुमच्या तेलुगूतच विचारा आणि गप्प बसा. मग म्हणा, “चला, रक्त तपासून घेऊ.” गोळी घेण्याचं वचन आधी मागू नका. किडनीचा धाक असलेला माणूस किडनीच्या तपासणीला सहसा नाही म्हणत नाही. ताकाचंही सांगून टाका. रागावतील, रागावू देत. पण डॉक्टरांपुढे दोघांच्याही पोटात काही लपवलेलं नको.

क्रिएटिनिनला उपाशीपोटी जावं लागत नाही, कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होतं, सरकारी रुग्णालयातही होतं. सोबत हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी. हे रिपोर्ट, जुना दुर्बिणीचा रिपोर्ट आणि पाठीच्या गोळीची रिकामी स्ट्रिप घेऊन डॉक्टरांना भेटा. दीड महिना गोळ्या बंद आहेत हे यजमानांनी स्वतः सांगावं. डॉक्टरांना ते नवं नसतं. सांगितलं नाही तर “गोळी लागू पडत नाही” असा अर्थ निघून उगाच कडक औषध चालू होण्याचा धोका. परत सुरू करायची का, किती मात्रेत, हे त्यांनी रिपोर्ट बघून ठरवावं. लपवलेल्या स्ट्रिपा फोडून स्वतःच्या मनाने सुरुवात नको.

तिथे विचारण्यासारखं बरंच आहे. आता दोन वेळा घ्यायच्या गोळ्या एकाच वेळी घेतल्या तर चालेल का? पुष्कळांना चालतं, आणि मागाच्या पाळीत दुपारची गोळी चुकण्याची कटकट संपते. सूज फक्त गुदाशयाजवळ असेल तर खालून ठेवायची गोळी किंवा एनिमा जास्त उपयोगी पडतो आणि रक्तात औषध कमी जातं. पुरुष मंडळी हे ऐकून तोंड फिरवतात. तुम्ही विषय काढा. आणि समजा यजमान म्हणाले, नाहीच घेणार, तर तेही डॉक्टरांसमोर म्हणू देत. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची, म्हणजे सुजेमुळे वाढणाऱ्या एका प्रथिनाची, तपासणी करून आतली सूज बघता येते, लक्ष ठेवून थांबता येतं. मला हा रस्ता पसंत नाही, पण चादरींमागच्या स्ट्रिपांपेक्षा तो शंभर पटींनी बरा.

ज्यांनी ही गोळी नुकतीच सुरू केली आहे अशा वाचकांसाठी थोडं. शंभरात साधारण तिघांना ती सोसतच नाही. पोटात मुरडा, रक्ताचे जुलाब, ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ, म्हणजे आजारच बळावला असं वाटावं. पहिल्या काही आठवड्यांत असं झालं तर “अजून घेऊन बघू” म्हणून रेटू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा आणि पुढची गोळी त्यांच्याशी बोलूनच. छातीत दुखणं किंवा धाप लागणं, वरच्या पोटातून पाठीकडे जाणारी असह्य कळ आणि उलट्या, पायावर सूज, डोळे पिवळे, कारण नसताना काळे-निळे डाग, अंगावर फोड, यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असेल तर रात्री जायचं. ॲस्पिरिनने कधी दम लागला असेल, किडनीचा जुना त्रास असेल, ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांच्या कानावर घाला. गरोदर बायकांनी भीतीपोटी आपल्या मनाने गोळी सोडू नये. बहुतेकींना ती चालू ठेवायलाच सांगतात.

सासूबाईंना सांगा, चटणीचा काही दोष नाही. कोलायटिस शेंगाच्या चटणीने होत नाही. आजार उसळलेला असताना तिखट आणि कडक भाकरी जरा आवरती घ्यावी, आतड्याला तेवढीच उसंत. एरवी ताकाबरोबर खुशाल खाऊ द्या, आणि त्या खलबत्त्यात यापुढे फक्त शेंगदाणे.